रांगेत नसलेली मुलं

प्रिय ठोंब्या,

गोदामातून एवढी पोती वेळेत रवाना केलीस म्हणून वरच्यांनी तुझी पाठ थोपटली, हे वाचून बरं वाटलं आणि डोकंही फिरलं. इथे छावणीतही तेच. मदतीचा उपयोग होतोय का विचारलं, की आमचे साहेब पोत्यांचा आकडा सांगतात. अरे, पोती पोचली हे कळलं. पोरं सुधारली का, ते कोण बघणार? त्यासाठीच तर मला नेमलंय. मुलांचं वजन करायचं, दंडाला पट्टी गुंडाळून घेर मोजायचा. पट्टी लाल रंगावर आली, की मूल धोक्यात.

या महिन्यात लाल मुलं निम्म्यावर आली. साहेब इतके खूश, की अहवालाला 'यशोगाथा' असं नाव देऊन मोकळे! माझ्या मात्र ते गळी उतरेना. मागच्या वेळी लाल निघालेली कितीतरी मुलं या वेळी रांगेतच नव्हती. साहेब म्हणाले, "गेली असतील गावी. जी नाहीत त्यांचे दंड कसे मोजणार, बाई?" मी म्हटलं, "दंड राहू द्या, मुलं मोजा." आणि जवळजवळ ओढतच त्यांना तंबूतंबूंतून फिरवलं.

एका तंबूबाहेर एक आई भांडी घासत होती. साहेबांनी तिच्या मुलाचं विचारलं. तिचा हात थांबला नाही. "खायला नव्हतं तेव्हा जगला," ती म्हणाली, "खायला आलं, तर पोटात ठरेना. नुसते जुलाब." शेजारीच गढूळ पाण्याचं पिंप होतं. पुढच्या तंबूंतही हेच ऐकलं. परतल्या परतल्या साहेब अहवाल घेऊन बसले. 'यशोगाथा' त्यांनी स्वतःच खोडलं, दगावलेल्या मुलांचा आकडा घातला, आणि पाणी शुद्ध करायचं औषध व जुलाबावरच्या पुड्यांच्या मागणीवर सही केली.

आता तो कागद टेबलाटेबलावर लोळेल. धान्य दिलं ना, आणखी काय हवं, असंही कोणी विचारेल. तोवर माझी रांग आणखी आखूड होईल. म्हणून हे पत्र ट्रकवाल्याच्या हाती देतेय. ती औषधं तुझ्याच गोदामात पडून आहेत, ट्रकमध्ये जागा उरत नाही म्हणून. तर याच ट्रकमधून परतीच्या खेपेला थोडी पोती उतरव आणि ती खोकी चढव. पोत्यांचा आकडा कमी भरेल, शाबासकी मिळणार नाही, उलट बोलणी खावी लागतील. खा.

तुझीच,
वैतागलेली ताई