राहून गेलेली सोळा पाने

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा पुस्तकबांधणी, हल्ली कसलाच नाही, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि तो देताना ते हसले नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट घरातल्या कोणी माझ्याकडे कधी काही मागितलेच नाही, आणि त्याचीच आता लाज वाटते. वकीलबाई म्हणाल्या, मोजके लिहा. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तके शिवली, स्वतःचे चार शब्द लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा थोडे पाल्हाळ होईल. ते चालवून घ्यावे.

१. राहते घर, खालच्या दुकानासह, माझ्या पत्नीला. तिच्या पश्चात मुलगा आणि मुलगी यांना निम्मेनिम्मे. मुलगा म्हणेल, दुकान विकून टाकू. खुशाल विकावे, पण आई आहे तोवर त्याने त्या विषयाला हात घालू नये.

२. बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

३. कागद कापायचे मोठे मशीन माझ्या धाकट्या भावाकडे आहे. दुकाने वेगळी झाली तेव्हा त्याने ते दोन दिवसांसाठी म्हणून नेले आणि ते दोन दिवस अजून संपायचे आहेत. त्यावरून मी त्याच्याशी बोलणे टाकले. आता मशीन त्यालाच दिले. फक्त पात्याला धार लावत जा म्हणावे. त्याच्याकडून आलेल्या पुस्तकांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात आणि लोक आडनावावरून मला बोल लावतात.

४. लोखंडी प्रेस, टोचे, सुया, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि खळीचे पातेले काडीला. काडी म्हणजे माझ्याकडे शिलाईला असलेला कारागीर. कामाला लागला तेव्हा तसा होता, आता दारातून आडवा होऊन आत येतो, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

५. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. कोणाला राहवलेच नाही तर माझ्या हाताबद्दल बोलावे, स्वभावाबद्दल बोलू नये. लोक एकमेकांकडे बघतील.

६. घरातली पुस्तके पत्नीची आहेतच, ती मी तिला काय देणार? पण त्यांतल्या एका पुस्तकाबद्दल लिहावे लागेल.

आमच्याकडे बांधणीला येणाऱ्या पुस्तकांत निम्मी अध्यात्माची असत. मन शांत कसे ठेवावे, जगावे कशासाठी, अशी. मी त्यातले एकही वाचले नाही. पुस्तक हातात आले की मी आधी त्याची पाठ बघतो. पत्नीचे तसे नव्हते. तिच्यासाठी एकदा मनाविषयीचे एक जाडसर पुस्तक घरी आणले, आणि तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी त्यातले पान दोन पाने ती वाचते. संपले की पुन्हा पहिल्यापासून. मी अंथरुणातून ओरडायचो, झाली असेल शांती तर या अशांत माणसाला चहा मिळेल का? ती हसायची आणि चहा आणायची. मुलगा माझ्याशी भांडून घराबाहेर पडला तेव्हा मी भांडी आपटत बसलो. ती सकाळी तिचे पान वाचून उठली आणि त्याला फोन करून जेवलास का एवढेच विचारले. तो परत आला तो त्या फोनमुळे, माझ्या भांड्यांमुळे नव्हे. हे मला तेव्हाही कळत होते. तरी मी तिची थट्टा सोडली नाही.

गेल्या पावसाळ्यात मी दवाखान्यात पडलो. ती उशाशी बसून हेच पुस्तक हलक्या आवाजात वाचायची. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे तिच्याकडे कूस वळवून ऐकत. पलीकडची एक बाई रोज रडायची, ती ऐकता ऐकता झोपू लागली. मला घरी सोडताना तिथल्या सिस्टरांनी पत्नीला विचारले, रोज दुपारी येऊन या लोकांना वाचून दाखवाल का? घरी आल्यावर तिने मला विचारले. तिचा चेहरा लग्नाआधीच्या फोटोत आहे तसा झाला होता. मी म्हणालो, "आणि माझ्या गोळ्या कोण देणार?" ती म्हणाली, "बरं." आणि स्वयंपाकघरात गेली.

ते "बरं" मला टोचले. ती चिडली असती तर मी दुप्पट चिडून मोकळा झालो असतो. असे काय आहे त्या पुस्तकात, म्हणून ती आंघोळीला गेली की मी ते चोरून वाचू लागलो. या वयात, स्वतःच्या घरात, दाराकडे एक डोळा ठेवून.

पाचव्या फर्म्यावर मी थांबलो. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा, असे एकावर एक रचून पुस्तक शिवतात. या पुस्तकात पाचवा फर्मा दोनदा आहे आणि सहावा नाहीच. शिलाई माझी. जुळवणी माझी. दोनदा आलेल्या पानांवर प्रकरण आहे शांतीचे: ऐकून घ्यावे, सोसावे, उलट उत्तर देऊ नये. मग मला आठवले, पूर्वी कधीतरी तिने विचारले होते की या पानाचा पुढच्या पानाशी मेळ बसत नाही. मी मान वर न करता म्हणालो होतो, अध्यात्म असेच असते, कळले नाही तरी वाचायचे. तिने ते खरे मानले. लेखकाला हे दोनदा वाचून घ्यायचे असेल, अशी तिची समजूत झाली.

फर्मा उरला की कुठल्यातरी पुस्तकात तो कमी गेला, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. उरलेले फर्मे मी गठ्ठे बांधून माळ्यावर टाकत असे. काडीला वर चढवले आणि त्याने तो सहावा फर्मा शोधून आणला. मी तो वाचला. प्रकरणाचे नाव "आपले काम". त्यात लिहिले आहे की शांत झालेल्या मनाने पुढे काय करायचे हे विचारायचे राहून गेले, तर ती शांती दुसऱ्यांच्या सोयीची होते. आणि ज्याला आपले काम सापडले त्याने परवानगीसाठी ताटकळत बसू नये.

म्हणजे इतकी वर्षे माझ्या हातच्या चुकीने तिने सोसणे दोनदा वाचले आणि हे एकदाही नाही. त्या चुकीचा सगळा फायदा मी खाल्ला. चहा, गोळ्या, गरम पाणी, "बरं".

सबब ही सोळा पाने माझ्या मृत्यूनंतर पत्नीला द्यावीत. काडीने ती पुस्तकात नीट बसवून द्यावीत.

७. वरील सहावे कलम रद्द.

कारण असे. काडी साक्षीदार म्हणून आला आणि त्याने सही करण्याआधी सगळे वाचले. त्याला वाचायला वेळ लागतो. मग कागद खाली ठेवून तो म्हणाला, "फर्मा राहिला कळल्यावर आपण पुस्तक मागवून लावून देतो. मालक मरेपर्यंत थांबा, असं गिऱ्हाइकाला सांगतो का?" मी त्याला म्हटले, तुला काय कळते, सही कर. तो म्हणाला, "वहिनींच्या दुपारी तुम्हाला पाहिजेत, म्हणून हे मेल्यावर. सरळ तसं लिहा, मी सही करतो." मी त्याला हाकलून दिले. सही न करता तो गेला.

मी रागावलो कारण ते खरे होते. जिवंत आहे तोवर मला ती हाताशी हवी होती आणि मेल्यावर मोठेपणा हवा होता. एवढे वाईट मी कधी कागदावर मांडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती पाने मी तिच्या हातात दिली. शिवून द्यायची तयारी होती, पण माझे हात हल्ली थरथरतात. ती म्हणाली, सुटीच असू द्या. तिने ती उभ्याने वाचली, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचली. मी समोर बसून होतो. ती वर बघेल तेव्हा कुठे बघायचे हे मला ठरवता येईना.

"हे तुम्हाला कधी सापडलं?"

कालच सापडली, असे मी खोटे बोललो असतो, पण पानांवरची माळ्याची धूळ केव्हाच पुसलेली होती. म्हणालो, "दोन महिने झाले."

या वेळी ती "बरं" म्हणाली नाही. पाने पुस्तकात ठेवली, पुस्तक मिटले आणि म्हणाली, "उद्यापासून दुपारी मी जाणार. गोळ्या डबीत काढून ठेवीन. पाणी तुम्ही घ्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. क्षमाही नव्हती, आणि ती मी मागितलेली नाही. मागण्याचे तोंड नाही. तिने मला सोडून दिलेले नाही, रात्री ताट वाढले, तेवढे मी पुरेसे मानतो. मुलांनी यात पडू नये आणि आईला माझ्या वतीने समजावू नये.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले आहे. खाडाखोड आहे तिथे माझी सही आहे. सातवे कलम लिहिल्यावर काडीला निरोप पाठवला, तो आला आणि नवे कलम सावकाश वाचून त्याने सही केली.

साक्षीदार पहिला: काडी, शिलाई कारागीर. (सही)

साक्षीदार दुसरा: शेजारचे शिंपी. सहाव्या कलमापाशी त्यांनी चष्मा पुसला. (सही)

मृत्युपत्र करणार: निवृत्त बाइंडर. (सही, थरथरत्या हाताची, पण माझीच)

स्थळ: राहते घर, खिडकीजवळची खुर्ची.
दिनांक: नऊ फेब्रुवारी, दुपार.
सह्या होताना हजर: मी आणि वरील दोन साक्षीदार. पत्नी हजर नव्हती. ती कामावर गेली आहे.