बाथरूममधलं कार्पेट

शनिवार, २७ मे २००६, एडिंबरा

पोचलो एकदाचे! बेसिंगस्टोकच्या खुराड्यातून बाहेर पडून, पाठीला सॅक लावून अवधूतबरोबर भटकायचं, हे मी व्हिसाच्या रांगेत उभी असल्यापासून मनात धरून होते. लग्नाला सात महिने झाले. त्यातले पाच तो इकडे इंग्लंडात क्लायंटच्या ऑफिसात आणि मी पुण्यात. तेव्हा हाच आमचा खरा हनिमून. बुधवारी साडेदहाची परतीची ट्रेन, तोवर घड्याळ बघायचं नाही असं ठरलंय.

शहर काय देखणं आहे! स्टेशनातून वर आलं की कड्यावर किल्लाच उभा. अवधूत लगेच राजगडाच्या आठवणी काढायला लागला. मी म्हटलं, राजगडाला तिकीट नव्हतं बाबा. घागरा घालून बॅगपाइप वाजवणाऱ्या आजोबांबरोबर फोटो काढला. मग पाऊस आला, गेला, परत आला. भिजत चिप्स खाल्ले.

गेस्ट हाउस मिसेस गिल्मर नावाच्या एकट्या बाईंचं आहे. सत्तरीच्या, बोलायला गोड. पाहुणे आम्ही दोघंच. घरभर, जिन्यावर, आमच्या खोलीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच तपकिरी, लांब केसाळ कार्पेट. आणि शी! बाथरूममध्येसुद्धा तेच! टबापासून थेट कमोडच्या बुडाला चिकटून. तिथे किती वर्षं किती जणांचं काय काय सांडलं असेल, लिहवत नाही. आणि हे लोक आपल्याला स्वच्छता शिकवणार.

बाईंनी दोनदा बजावलं की जे काय पाणी ते टबात, बाहेर थेंब नको, त्या कार्पेटला पाणी चालत नाही. दाराशी त्यांचे गुडघ्यापर्यंतचे गमबूट ठेवलेत. आत झाडायला जाताना घालतात म्हणे. खोलीत येऊन आम्ही पोट धरून हसलो.

रविवार, २८ मे

आज मी एक पराक्रम केला.

बाई सकाळी चर्चला गेल्या, तिथून परस्पर बहिणीकडे. बुधवारी येणार. किल्ली आमच्याकडे. मी अंघोळीला गेले. टबात दोन नळ, एक उकळता, एक बर्फ. बेसिंगस्टोकहून आणलेल्या मगात दोन्ही मिसळून घेतलं. मगाने अंघोळ म्हटल्यावर पाणी उडणारच. पडदा होता, पण त्याला हात लावण्यापेक्षा मेलेली पाल उचलेन. पाणी पडल्याबरोबर कार्पेटमधून जो वास सुटला! तीन दिवसांचं ओलं फडकं नाकावर धरावं तसा.

आमच्या आईच्या मोरीत ताट वाढून घ्यावं, इतकी ती लख्ख. मला ती घाण सहन होईना. म्हटलं, बाई नाहीत, घ्या धुऊन. अवधूतने अडवलं, आपण भाडेकरू, नसते उद्योग कशाला म्हणाला. मी ऐकते होय! कचऱ्याची प्लास्टिकची बादली आधी तीनदा विसळली, मग गरम पाणी, कपड्यांची पावडर, आणि ब्रशने दोन तास खसाखसा. सहा बादल्या ओतल्या. काळ्या चहासारखं पाणी निघालं. ब्रशमध्ये केस अडकले, हातभर लांब. मला वाटलं पाहुण्यांचे. पण प्रत्येकाच्या टोकाला पांढरं, ओलं मूळ होतं. शी, शी, शी. साबणाने चारदा हात धुतले.

दुपारी चित्रांची गॅलरी पाहिली. जेवण गेलं नाही.

सोमवार, २९ मे

सहा बादल्या पाण्याचा मागमूस नाही. कार्पेट वरून कोरडं, पण जाड झालंय. काल चपलेच्या तळाला होतं, आज माझ्या चपला त्यात बुडतात. अवधूत म्हणतो, धुतल्यावर लोकर फुलते.

आर्थर्स सीट नावाची टेकडी चढलो. आपली पर्वतीच, जरा धष्टपुष्ट. वर पिठलं-भाकरी नाही, नुसता वारा. अवधूतच्या नव्या बुटांनी दोन्ही टाचांना फोड आले. आल्या आल्या तो बाथरूममध्ये अनवाणी उभा राहिला, फुटलेल्या फोडांनिशी! मी ओरडले. तो म्हणाला, किती ऊबदार आहे, दुखणं पार गेलं, तूही ये. मी उंबऱ्यावरूनच नाक मुरडलं.

पाऊण तास उभा होता. चेहऱ्यावर असं सुख मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

झोपण्याआधी त्याच्या टाचेला मलम लावत होते. फोडात एक तपकिरी केस. चिमटीत धरून ओढला. वीतभर आला, तरी संपेना. अवधूत कळवळला, माझं डोकं कशाला ओढतेस म्हणाला.

डोकं?

मंगळवार, ३० मे

कुठे फिरलो नाही. टाच केसांनी भरलीय. आज कात्रीने कापले, जेवेपर्यंत परत आले. मी म्हटलं डॉक्टर, मी म्हटलं आत्ताच्या आत्ता निघू. तो हसतो. सारखा बाथरूममध्ये जातो. पाय तिथेच बरे वाटतात म्हणे.

तो झोपल्यावर भर दुपारी बाईंचे गमबूट चढवून आत गेले. कंगव्याच्या टोकाने केस बाजूला केले, भांग पाडतात तसे. खाली सुतळी नाही, दोरा नाही. कातडी. पांढरी, घामट, कोंडा धरलेली. कंगवा टेकला तिथे काटा आला. तिला. तिच्या अंगावर काटा आला.

मी तिथेच ओकले. बघता बघता सगळं जिरलं. आणि केस किंचित वाढले.

आता कळलं पाणी का चालत नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! उपाशी पडलं होतं ते. मी न्हाऊ घातलं.

बुधवार, ३१ मे

साडेसहा. अवधूत पलंगावर नाही.

बाथरूममध्ये उभा. घोटे दिसत नाहीत. ओढलं. नाही येत. कात्री लावली, रक्त आलं, तो किंचाळला आणि सगळी जमीन शहारली—

इमर्जन्सीच्या ९९९ ला फोन केला. नवऱ्याचे पाय कार्पेटमध्ये रुजले, हे इंग्रजीत कसं सांगतात? माणसं पाठवतो म्हणाले.

पाणी दे म्हणतो. नाही दिलं. कोरडं पडलं की सोडेल. सोडेलच. हेअर ड्रायर घ्यायला खोलीत आले, वायर पोचत नाही—

नळ. त्याने दोन्ही नळ सोडले. अवधूत, नको रे—

टब भरून पाणी दारातून पॅसेजमध्ये. खोलीत. मी पलंगावर उडी मारली. गमबूट बाथरूमच्या दाराशीच राहिले. चपला खाली. चपला आता दिसत नाहीत.

घरभर एकच कार्पेट. जिन्यावरसुद्धा.

खाली बेल वाजतेय. दार आतून बंद. कोण उघडणार—

तो हाका मारतोय. आसावरी, पाय खाली सोड. रडतोय की हसतोय? इथून सहा पावलं. त्याला तसाच टाकून मी कुठे जाऊ? एकटी कुठे—

सोडते पाय. शी! ओलं. चिकट. बोटांच्या मध्ये शिरतंय. शी गं आई—

पण गरम आहे. खोटं नव्हता बोलत. किती मऊ, किती—