शनिवारचा डबा

केडगाव,
सोमवार, दुपार

प्रिय पंकजा,

बापानं लेकीला पत्र लिहायचं तर वर 'चि.' लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. सदतीस वर्षं कारखान्याच्या काट्यावर उसाची वजनं करून पावत्या लिहिल्या, तेव्हा कागदावर कुठे काय लिहायचं ते मला कुणी शिकवायला नको. तरी 'प्रिय' लिहिलं, कारण आज तुझ्याशी बापाच्या तोऱ्यात बोलायचं नाही. तुझा मेसेज परवा आला. 'आप्पा, शनिवारी संध्याकाळी येते. रविवारी सकाळी नगरला स्पर्धा आहे. माझा डबा मी आणेन, तुम्ही काही करू नका.' चष्मा पुसून तीनदा वाचला. 'येते' वाचून आनंद झाला आणि डब्यापाशी येऊन अडखळलो. सात वर्षं झाली, तू या बापाच्या हातचं जेवलेली नाहीस. दिवाळीला येतेस, पाया पडतेस, पंख्यावरची धूळ पुसून देतेस आणि जेवायची वेळ झाली की पिशवीतून आपला डबा काढतेस. कधी एका शब्दानं टोचून बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

हे फोनवर का नाही बोललो, असं विचारशील. फोनवर आपण काय बोलतो ते तूच आठव. जगातली सगळी माणसं फोन उचलला की आधी 'जेवलीस का?' असं विचारतात. मला तेवढं विचारता येत नाही. मागे एकदा चुकून तोंडातून गेलं, तर तू इतका वेळ गप्प राहिलीस की मला वाटलं रेंज गेली. तुझंही बरोबर आहे. माझ्या घरात त्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न 'किती?' असायचा. म्हणून आपण पुण्याची थंडी, इथली लाइट आणि एसटीची गर्दी यांवर बोलतो आणि दोन मिनिटांत 'बरं मग' म्हणून ठेवतो. पत्रात ती अडचण नाही. मी बोलत राहीन आणि तुझं गप्प राहणं मला ऐकू येणार नाही.

तुझे व्हिडिओ मी बघतो, हे तुला माहीत नसेल. खालच्या मोबाईलच्या दुकानातल्या वैजनाथनं लावून दिले. 'अवो आप्पा, ही तुमचीच पोरगी न्हाई का? लई भारी सांगती की!' म्हणाला. पळणाऱ्या मुलींनी रोज काय खावं, ते तू सांगत होतीस. महागडी पावडर नको, घरात आहे तेच नीट खा. पळायला निघण्याआधी केळं, नाहीतर भाकरी-गुळाचा तुकडा. तासाच्या वर पळायचं असेल तर बाटलीत लिंबू, साखर आणि मिठाचं पाणी. परत आल्यावर अर्ध्या तासात दूध आणि शेंगदाण्याचा लाडू, चालत असेल तर अंडं. दुपारी भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजीवर लिंबू पिळून. आणि जेवणावर लगेच चहा नको, भाजीतलं लोह अंगाला लागत नाही. मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी भात पोटभर. हे सगळं मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. तुझी आई असती तर म्हणाली असती, हे तर आमच्या आईनं कॅमेरा नसताना सांगितलं होतं.

त्याप्रमाणे आठ-दहा दिवस करूनही बघितलं. पण एका माणसाला मटकी किती भिजवायची, याचा अंदाज काही येईना. टनावारी ऊस मोजलेल्या माणसाला मूठभर मटकी मोजता येऊ नये, बघ! दरवेळी जास्त व्हायची, दुसऱ्या दिवशी आंबायची. मग सोडून दिलं. व्हिडिओ मात्र सोडले नाहीत. त्यातल्या एकाच्या शेवटी तू म्हणालीस, 'आणि रोज वजन करू नका. घरचं कुणी करायला लावत असेल, तर त्यांना हा व्हिडिओ दाखवा.' एवढं बोलून तू क्षणभर खाली बघितलंस. तू माझं नाव घेतलं नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर गावासकट घेतलं असतं. मला तो कुणी दाखवला नाही पंकजा, माझा मीच बघितला. वैजनाथला म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं, आणि वर येऊन बसलो.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. मला चहाशिवाय काही येत नव्हतं. माझ्या पहिल्या भाकरी तव्यावरच मोडायच्या आणि तू ते तुकडे दुधात कुस्करून खायचीस, वर 'आप्पा, अशीच चांगली लागते' असं सांगायचीस. त्या चार वर्षांत मी तुला चांगलं खाऊ घातलं, एवढं तरी माझ्या बाजूनं बोल. मग तू तालुक्याला तीन हजार मीटरला पहिली आलीस. जिल्ह्याच्या मैदानावर बूटवाला एक माणूस भेटला, तो म्हणाला, पोरगी दोन किलोनं हलकी झाली तर अर्धं मिनिट कमी होईल. त्याचं नावही मी विचारलं नाही. पण ते माझ्या डोक्यात असं बसलं की विचारू नकोस. मी काट्यावरचा माणूस. भरलेली बैलगाडी काट्यावर कशी कण्हत येते आणि ऊस उतरवून रिकामी कशी खुळखुळत जाते, हे जन्मभर बघितलेलं. वाटलं, पळण्याचं गणितही तेच आहे. ओझं कमी करायचं. गाडी रिकामी झाली तरी बैलांना कुणी उपाशी ठेवत नाही, हे शेतकऱ्याच्या लहान पोरालाही कळतं. मला कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी नगरच्या बाजारातून काटा आणला. रोज सकाळी साडेपाचला तू त्यावर उभी राहायचीस आणि मी भिंतीवर आकडा लिहायचो. भात बंद केला, तेल बंद केलं, भाकरी अर्धी केली. दिवाळीला कामगारांना साखर मिळायची, ती आख्खी शेजारच्या मुक्ताकाकूला देऊन टाकायचो. साखर कारखान्यात नोकरी आणि घरात चमचाभर साखर नाही, याचा मला केवढा अभिमान होता! पहिलं वर्ष तू जिंकत गेलीस, म्हणून मला माझं खरं वाटलं. नंतर तू दमायला लागलीस, फणीत केस यायला लागले, मे महिन्यात अंगावर चादर घ्यायला लागलीस. मी म्हटलं, आळस आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भाकरीतूनही कमी केलं. मुक्ताकाकू एकदा दारात उभी राहून म्हणाली, 'भाऊ, पोरीच्या जातीचं काय आसतं ते तुमाला कळायचं न्हाई, पर तिला पोटभर खाऊ द्या.' मी लाजून उसाच्या गाड्यांचा विषय काढला.

मुक्ताकाकूनं दिलेल्या मलिद्याचं मला लिहायचंच नव्हतं, पण लिहितो. तू सोळा वर्षांची होतीस, पाटाच्या कडेनं बारा किलोमीटर पळायला निघालेली. तुझ्या पिशवीत मला स्टीलची डबी सापडली. बाजरीची भाकरी कुस्करून त्यात तूप-गूळ घातलेला मलिदा, अजून कोमट होता. मी तो तुझ्यासमोर आपल्या कारखान्याच्या क्वार्टरमागच्या कुत्र्याला घातला आणि वर म्हणालो, 'आता पळ हलकी होऊन.' तू बुटाची नाडी बांधलीस आणि पळायला गेलीस. एवढंच मला माहीत होतं. निवृत्त होऊन क्वार्टर सोडताना मुक्ताकाकू भेटायला आली, तेव्हा सहज आठवण काढत म्हणाली, 'माझा मलिदा पोरीला लई आवडायचा बगा. डबी घासून आनून दिली आन् म्हनली, लई ग्वाड झाला हुता, काकू.' मी मान हलवली. तू तिलाही दुखावलं नाहीस आणि मलाही उघडं पाडलं नाहीस. त्या दिवशी टेम्पोत सामानाबरोबर बसून मी केडगावला आलो.

पुढचं तुला माहीतच आहे. राज्याच्या स्पर्धेत पाच हजार मीटरच्या नवव्या फेरीला तू कडेला जाऊन बसलीस. नडगीच्या हाडाला चीर गेली होती. नगरला डॉक्टरीणबाईंनी फोटो बघितला आणि हाड सोडून भलतंच विचारलं, 'हिची पाळी कधीपासून बंद आहे?' तू भिंतीकडे बघत म्हणालीस, 'चौदा महिने.' चौदा महिने रोज सकाळी मी तुझं वजन ग्रॅमपर्यंत लिहीत होतो, आणि मला हे माहीत नव्हतं. बाईंनी विचारलं, 'जेवण काय देता?' मी सांगायला लागलो आणि अर्ध्या भाकरीपाशी येऊन थांबलो. घरी आल्यावर तू म्हणालीस, 'आप्पा, माझं मी करून खाईन.' त्या दिवसापासून आपल्या घरात दोन चुली झाल्या. नंतर तू पुण्याला गेलीस आणि एकच उरली.

शेतकऱ्यांचा कारखान्याच्या काट्यावर विश्वास नसतो, काटा मारून वजन कमी दाखवतात म्हणून. पण 'रामहरी हाय काट्यावर' म्हटलं की माणसं गाडी उभी करून निवांत चहाला जायची. सदतीस वर्षांत मी कुणाच्या मोळीत काटा मारला नाही. मारला तो तुझ्या ताटात. मला माफ कर, हे तोंडानं म्हणायला हवं होतं, ते सात वर्षं जमलं नाही. आज लिहून झालं. तो घरचा काटा मी दसऱ्याच्या आधी भंगारवाल्याला दिला. त्यानं पाय ठेवून बघितला, म्हणाला, 'आप्पा, चालू हाय की वो हा!' म्हटलं, चालू आहे म्हणूनच देतोय, उचल.

रविवारचा तुमचा रस्ता मी वैजनाथकडून समजून घेतला आहे. परतीच्या बाजूला, पुलाच्या अलीकडे, मी उभा राहणार आहे. हातात घड्याळ नसेल. लिंबू-साखर-मिठाचं पाणी असेल, तू व्हिडिओत सांगतेस तसंच. घ्यावंसं वाटलं तर घे, नाही वाटलं तर थांबू नकोस, तुझी लय मोडायला नको. मला तू पळताना दिसलीस तरी पुरे.

आता खरं काम सांगतो, ज्यासाठी हा कागद घेतला. तीन आठवड्यांपूर्वी भाजी आणताना मला चक्कर आली. दवाखान्यात सिस्टरनं काट्यावर उभं केलं. एक्कावन्न किलो. निवृत्त झालो तेव्हा त्रेसष्ट होतो. रक्त तपासलं, फोटो काढला, आजार काही नाही. डॉक्टर म्हणाले, 'काका, जेवता काय?' मी म्हटलं, 'सगळं.' ते खोटं होतं. सकाळी चहा-खारी, दुपारी केली तर एक भाकरी, संध्याकाळी परत चहा. ताट वाढून घेतो, समोर कुणी नसतं, मग दोन घास खाऊन उठतो. तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही, तुझ्यापाशी तरी खोटं नको म्हणून सांगतो. तर शनिवारी तू डबा आणच. माझ्या हातचं खा, असं मी म्हणणार नाही. ते तुझ्या मनात येईल तेव्हा. फक्त दोघांचा आण. ताटं मी घासून ठेवतो, वाढायचं तू. काय वाढायचं, किती वाढायचं, तूच ठरव. मी समोर बसून सगळं खाईन. आणि मधे एकदा मला विचार, 'आप्पा, अजून वाढू का?' सात वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नाही. मी तुला चार वर्षं विचारलं नव्हतं.

वाट बघतो.

तुझाच,
आप्पा