रेवतीचा उत्पन्नाचा दाखला

२४ जून, मंगळवार

सकाळपासून पडवीत सात घरं येऊन गेली. आत्याने एकतीस वर्षं कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. निवृत्त झाल्यावर ते टेबल तिच्यामागून घरी आलं, असं शेजारचे म्हणतात. मी एम.कॉम. करून आंजर्ल्याहून तिच्याकडे आले त्याला आज वर्ष झालं. नोकरीचे अर्ज आठ. उत्तर एक, तेही नकाराचं. तोवर आत्याच्या हाताखाली.

तिची पद्धत रोज बघते तरी नवल वाटतं. खुर्ची आईला, बाक वडिलांना. फॉर्म मुलीनेच भरायचा, आधी कागदावर पेन्सिलने. आणि फीचं काही बोलायच्या आधी एकच प्रश्न: "घरात जेवतात किती, आणि घरी पैसे पाठवतात किती जण?" लोक एवढ्यातच सगळं सांगून मोकळे होतात. मी विचारलं असतं "वार्षिक उत्पन्न किती?" आणि समोरचा गप्प बसला असता.

२६ जून, गुरुवार

देवरुखच्या पुढच्या एका गावातून रेवती आली. सोबत आई (सुनंदावहिनी) आणि रिक्षावाले मामा. सीईटीला गुण छान. इलेक्ट्रॉनिक्स हवंय. घरात इंजिनियरिंगला जाणारी पहिलीच.

मामा बसायच्या आधीच, "चिपळूणला माझी ओळख आहे. आजच टोकन भरून सीट बुक करू."

आत्या: "ओळख आहे तर चहाला जा त्यांच्याकडे. सीट यादीतून घेऊ."

मग समजावून सांगितलं. सरकारी फेरीतून प्रवेश मिळाला आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर रेवतीसारख्या मुलीला शिकवणीची फी माफ. तेच टोकन भरून मॅनेजमेंटच्या जागेवर गेली, तर चारही वर्षं पूर्ण फी. मामा म्हणाले, "एवढं त्या माणसाने सांगितलंच नाय." आत्या म्हणाली, "तो कशाला सांगेल? तुम्ही रिक्षात बसवून वाटेत एसटी स्टँड दाखवता का?" मामाच जास्त हसले.

जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, सगळं चोख. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर.

२७ जून, शुक्रवार

रेवतीच्या कागदांच्या झेरॉक्स लावत होते. उत्पन्नाचा दाखला याच वर्षीचा. रक्कम चाळीस हजार. वर्षाचे.

काल वहिनी म्हणाल्या होत्या: जेवणारे पाच, पैसे पाठवणारा एक. वडील मुंबईत छापखान्यात, वीस वर्षं. म्हणजे दाखल्यावर फक्त गावची भातशेती आली आहे, पगार नाहीच.

आत्या बँकेत गेली होती. थांबायला हवं होतं. मला अशा गोष्टीत थांबता येत नाही. लहानपणी दम्यामुळे तिसरीपर्यंत आईनेच घरी शिकवलं. पाटीवर चुकलेलं उत्तर ती पुसू द्यायची नाही, शेजारी बरोबर उत्तर लिहायला लावायची, आणि दिवसभर दोन्ही दिसत राहायची. तेव्हापासून चूक दिसली की शेजारी बरोबर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वडिलांना फोन लावला. म्हटलं, तुमचा दाखला खोटा आहे.

"खोटा? म्याडम, तलाठ्याने चौकशी केलीय, तहसीलदाराची सही हाय. आमी काय चोर हाव?"

फोन ठेवला.

२८ जून, शनिवार

मामा येऊन रेवतीची पिशवी घेऊन गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

आत्याला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "अनू, तुझं बरोबर होतं. पण त्यांचा दाखला अपुरा आहे. खोटा म्हटलंस म्हणून माणूस उठून गेला."

जेवले नाही.

२९ जून, रविवार

आत्या सकाळच्या एसटीने रेवतीच्या गावी गेली. तिचं वय बासष्ट, गुडघा दुखरा. मी येते म्हटलं, तर म्हणाली, "आज नको. तुला बघून ते आधी भांडतील आणि मग चहा करतील. मला उलट क्रम हवाय."

संध्याकाळी आली ती कोकमाची सोलं आणि नाचणीचं पीठ घेऊन. काय झालं ते अर्धवटच सांगितलं. वडील शनिवारी सुट्टी काढून येणार.

काय बोलली असेल ती तिथे? मला कधी जमेल?

५ जुलै, शनिवार

वडील आले, सोबत वहिनी आणि रेवती. नाव चंद्रकांत. हडकुळे, शर्ट इस्त्रीचा, शाई बोटांच्या पेरांत कायमची. मी आधी माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे ताई. पोरीच्या वयाच्या तुमी." त्याने आणखीच वाईट वाटलं.

आत्याने पगाराच्या पावत्या मागितल्या, बेरीज रेवतीला करायला सांगितली. पगार अधिक शेती, सगळं धरून आठ लाखांच्या निम्म्यालाही पोचेना.

"मग लपवलंत कशाला, दादा?" आत्याने विचारलं.

मला वाटलं होतं, जितकं कमी तितकं बरं असं कोणीतरी सांगितलं असेल. तसं नव्हतं.

"रेशनसाठी. खरा आकडा कागदावर आला की कार्ड बदलतील. धान्य बंद होईल. गावात सगळ्यांचे असेच दाखले. मुंबईचा पगार कोण धरतो? घरी म्हातारा-म्हातारी, दोन पोरं, ही."

खरं लिहा म्हणणं मला फुकट होतं. त्यांना नव्हतं.

आत्या काय करते ते बघत राहिले. तिने खोटा धीर दिला नाही. म्हणाली, "होय, धान्य बंद होऊ शकतं. हा दाखला चार वर्षं दरवर्षी तपासला जाईल. एखाद्या वर्षी पकडला गेला, तर माफ झालेली फी परत मागतील, आणि फॉर्मखाली सही रेवतीची असेल. दोन्ही तुमच्यापुढे ठेवलं. ठरवायचं तुम्ही. मी आत चहा टाकते."

आणि खरंच आत गेली. मलाही डोळ्यांनी उठवलं.

चहा उकळून उकळून काळा झाला. मग बाहेरून सुनंदावहिनींचा आवाज: "तांदूळ आपला शेतात होतो. गहू मी विकत आणीन. पोरगी चार वर्षं धाकात शिकायला नको."

चंद्रकांत: "तुला सोप्पं वाटतं."

"सोप्पं वाटलं असतं तर केव्हाच बोलले असते."

नव्या दाखल्याचा अर्ज करायचा असं ठरलं.

१४ जुलै, सोमवार

अर्ज अजून गेलेला नाही. छापखान्याचा मालक पगाराचं पत्र देईना, त्याला वाटलं हे कुठे तक्रार करतायत. आत्याने स्वतः फोन केला. मी ऐकत होते. पाच मिनिटं त्याच्या मुलाच्या बारावीबद्दलच बोलली. शेवटी म्हणाली, "तुमच्याकडचा माणूस स्वतःचा पगार पूर्ण सांगतोय, साहेब. असे किती असतात?"

पत्र दुपारी व्हॉट्सॲपवर आलं.

१६ जुलै, बुधवार

अर्ज भरला. आकडा रेवतीने टाईप केला, मी तीनदा तपासला, आत्याने एकदाही नाही. विचारलं का, तर म्हणाली, "तू तपासलायस ना?"

हे वाक्य लिहून ठेवतेय. उगाच.

२५ जुलै, शुक्रवार

स्थिती: तलाठ्याच्या अहवालासाठी प्रलंबित. तलाठ्याकडे तीन गावं, त्यात एका गावात दरड कोसळल्याने पंचनामे. त्याला तरी काय बोलणार. वहिनी लावणीच्या चिखलातून थेट तलाठी ऑफिसात जाऊन बसल्या, दोन दिवस. "बसले की दिसते मी. दिसले की आठवते मी," असं फोनवर म्हणाल्या. आत्या म्हणाली, ही बाई माझ्या टेबलावर हवी होती.

३१ जुलै, गुरुवार

यादी लागली. रेवतीला इथलंच कॉलेज, इलेक्ट्रॉनिक्स! तिचा तिसरा पर्याय. पुढच्या फेरीची वाट बघायची नाही, हेच घ्यायचं, हे तिने स्वतः सांगितलं. प्रवेश घ्यायला सोमवारी पाचपर्यंत मुदत.

तलाठ्याचा अहवाल आज वर गेला. आता फक्त तहसीलची सही. सही झाली की दाखला ऑनलाइन दिसेल, मोबाईलवर उतरवून लगेच छापता येईल.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सही नाही. सर्व्हर बंद.

कॉलेजात चौकशी केली. तिथल्या क्लार्कने रेवतीची पिशवी चाळली आणि म्हणाला, "हा आहे की दाखला, याच वर्षीचा! चालतोय." चाळीस हजारांचा जुना. रेवती पटकन म्हणाली, "तो नको, नवीन येतोय." तो म्हणाला, "नाही आला तर पूर्ण फी भरून ठेवा, मग बघू." एवढे पैसे त्यांच्याकडे नाहीत. नाही भरले तर जागा जाणार.

४ ऑगस्ट, सोमवार

हे कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितेय.

आत्या तहसील कचेरीत सकाळी दहापासून बसलीय. साहेब दुपारपर्यंत मीटिंगला होते. तीनला आले. तिचा मेसेज: "आत गेलेत. मी दारात." त्यानंतर काही नाही.

सव्वाचारला चंद्रकांतदादांचा मुंबईहून फोन. मशीनचा आवाज मागे. "ताई, जुनाच देऊन टाका. मी सांगतोय. जे व्हायचं ते माझ्यावर." मी फोन रेवतीला दिला. ती नुसती "हां बाबा, हां" करत होती. परत देताना म्हणाली, "सही माझी हाय ना, ताई."

खरं लिहायचं तर, माझ्याच मनात आलं: देऊन टाक. जून महिन्यात ज्या कागदासाठी मी त्या माणसाला चोर ठरवलं, तोच आज चालेल असं मलाच वाटलं. आत्या असती तर काय म्हणाली असती? बहुतेक रेवतीकडे बघत राहिली असती.

चार अठ्ठावीस. मोबाईलवर: प्रलंबित.

चार छत्तीस. प्रलंबित.

वहिनी खांबाला टेकून उभ्या आहेत. बसा म्हटलं तरी बसत नाहीत.

रेवती रांगेत आहे. खिडकीपाशी पोचली की मागच्याला म्हणते, "तुमी जा पुढं." असं करत तिने पाच जणांना सोडलं. एका मुलाच्या आईने तिला विचारलं, काय गं, घाबरतेस का? ती म्हणाली, "नाय, कागद येतोय."

चार एकेचाळीस. प्रलंबित.

आता तिच्या मागे कोणी नाही. जुना दाखला पिशवीतच आहे, वरचं रबर तिने काढलेलं नाही.