अम्माच्या वेलाचं फूल

बाबा, आज नववीच्या मुलींना परागण शिकवलं. मी आता शिक्षिका आहे, आपल्या घरातली पहिली बी.एस्सी. तुम्ही गेलात तेव्हा मी पाटीवर बेरजा करत होते, म्हणून हे सांगायला हवं. त्याच झाडाचे पराग त्याच झाडाच्या फुलाला मिळाले तर स्वपरागण, दुसऱ्या झाडाचे आले तर परपरागण. मक्याचे पराग वारा नेतो, कोहळ्याचे मधमाश्या. कोहळ्याचं नाव घेतलं आणि खडू हातातच राहिला.

कामगारांच्या कॅम्प एकमधली आपली खोली, दारात कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा वेल, पलीकडे कारखान्याचं बांधकाम आणि पानापानावर सिमेंटची धूळ. आई लांब देठाची फुलं रोज खुडायची. त्यांना फळ धरत नाही, मग भजी तरी होऊ दे, ही आपली गावाकडची रीत. इकडे कोवळी कोहळी लिंबाएवढी होऊन गळायची आणि तुम्ही धुळीला शिव्या द्यायचात. एके सकाळी शेजारची तेलुगू अम्मा कुंपणापलीकडून हसली, "भैया, मरद फूल सब खा गए, तो फल किधर से आएगा?" आई पदरात तोंड लपवते आहे, आणि तुम्ही ड्यूटीवर निघता निघता अम्माने तिच्या वेलावरून दिलेलं नर फूल आपल्या वेलाच्या फुलात हळूच टेकवता आहात. "दुसऱ्याच्या वेलाचं चालते का जी?" आई विचारते. तुम्ही म्हणता, "कोहळ्याले थोडीच मालूम, फूल कोनाच्या घरचं हाय!"

ते कोहळं धरलं. पण त्याच पावसाळ्यात मी अम्माकडे इडली खाऊन आले, तर तुम्ही ओरडलात, "घरी शिजत नाई का तुले? कावून जाते तिकडं?" राग फुकटच्या खाण्याचा होता की त्या घराचा? अजून मला उलगडत नाही.

आता उलगडायला हवं, कारण अम्माच्या थोरल्या मुलाने मला लग्नाचं विचारलं आहे. उद्या अम्मा उत्तरासाठी येणार. आई म्हणते, "तुझे बाबा असते तं..." आणि भाजी चिरायला घेते. कॉलेजात मी भाषण केलं होतं, की प्रांताप्रांतांतून कारखान्यावर आलेल्यांच्या या गावात सगळा देश मिसळेल आणि नवा माणूस घडेल. टाळ्याही पडल्या होत्या. स्वतःवर आलं तर तुम्हांला विचारत बसले आहे. पुस्तक म्हणतं, परपरागणाने बीज दणकट होतं. वाटाणा मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच फुलात राहतो आणि त्याचंही काही अडत नाही. "दोन्हींत चांगलं कोणतं?" असं आज एका मुलीने विचारलं. घंटा झाली म्हणून मी सुटले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येणार नाही, ठाऊक आहे. फक्त एक, बाबा. ते "कोहळ्याले थोडीच मालूम" तुम्ही खरंच म्हणालात, की इतक्या वर्षांत मीच ते तुमच्या तोंडी घातलं, याची मला खात्री नाही. आईला आठवत असेल. ती आत कणीक मळते आहे. मी तिला विचारत नाही.