गुरुवारच्या साखरेचं कारण

प्रिय गजू,

तुला जाऊन आता आठ महिने होतील. पोळ्याच्या आठवड्यात तू गेलास. मी घाटावर सगळ्यांच्या मागे उभा राहिलो आणि परत आलो. शोकसभेत वहिनींनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हाही मी हात जोडून खाली बसलो. आज लिहितो आहे, कारण माझी विद्यार्थिनी प्राजक्ता हिनं काल मला एक प्रश्न विचारला. तिला मी ‘उद्या सांगतो’ म्हणालो. पण ते उत्तर आधी तुला द्यायला हवं. बारा वर्षं मी ते टाळलं आहे.

तू सदर भागातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात सॉफ्टवेअर लिहायचास आणि मी कॉलेजात सॉफ्टवेअर कसं लिहावं ते शिकवायचो. ‘हा मास्तर काठावर उभा राहून पोहणं शिकवते,’ असं तू माझ्यासमोरच लोकांना सांगायचास. मी हसायचो. खरं तर मला ते लागायचं, कारण ते खरं होतं.

रामदासपेठेतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर आपण दोघांनी मिळून केलं. म्हणजे केलं तूच. मी रविवारी येऊन बसायचो. तुझी एक पद्धत होती. कोडमध्ये कुठलाही नियम घातला की त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, इंग्रजी अक्षरांत पण आपल्या बोलीत. ओळीची सुरुवात नेहमी ‘काहून’ या शब्दानं. हा नियम काहून आहे, त्याचं कारण तिथं. ‘काहून: रेखाताई चष्मा घरी विसरते, अक्षर मोठं ठेव.’ ‘काहून: एकाच दिवशी तीन शांताबाई आल्या होत्या, नवऱ्याचं नाव इचारल्याशिवाय पुढं जाऊ नोको.’ नवी ओळ लिहिलीस की तू मला फोन करून ती वाचून दाखवायचास. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभा राहून मी एकटाच हसायचो.

त्याच पद्धतीवर मी माझा पहिला मोठा पेपर लिहिला. प्रोग्राम काय करतो ते यंत्राला कळतं, पण तो तसं का करतो ते फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. ते लिहून ठेवलं नाही तर माणसाबरोबर जातं, असं मी त्यात मांडलं. लोकांना आवडलं. मग परदेशातून पत्र आलं, की नमुना म्हणून हा कोड सगळ्यांना पाहता येईल असा ठेवा.

गजू, त्या दिवशी मी तुझ्या ओळी पहिल्यांदा परक्या माणसाच्या डोळ्यांनी वाचल्या. नोको, इचारल्याशिवाय, काहून. मला लाज वाटली. तुझी नाही, माझीच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून प्रतापनगरच्या फ्लॅटपर्यंत येताना जी बोली मी शहाण्यासारखी मागे ठेवली होती, ती अशी उघड्यावर पडलेली. दोन-तीन बऱ्या दिसणाऱ्या ओळी मी इंग्रजीत आणल्या आणि बाकी सगळ्या पुसल्या. त्यांच्या जागी एकच वाक्य घातलं, की हा नियम आहे, बदलू नये. कारणं जपावीत असं सांगणाऱ्या पेपरासाठी मी कारणंच पुसली.

पुढे लॅबचा कॉम्प्युटर बदलला, तेव्हा तू पुण्याला होतास. तो मी बसवून दिला. घाईत ती पुसलेली प्रतच त्याच्यावर गेली. तुझ्या ऑफिसातली जुनी डिस्क तोवर भंगारात गेली होती. आल्यावर तू विचारलंस, ‘काहून गा, माह्या ओळी कुठं गेल्या?’ मी म्हणालो, डिस्क खराब झाली, जेवढं वाचलं तेवढं घातलं.

तू स्क्रीन वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिलीस. मग म्हणालास, ‘जाऊ दे ना बे. मी आहो ना.’

तुला कळलं होतं का? तो नमुना तर जगात कुणालाही उघडून पाहता येत होता. मला एवढंच आठवतं, की त्यानंतर तू नवी ओळ कधी फोनवर वाचून दाखवली नाहीस. मी त्यावर विचार केला नाही. कामं वाढली असतील, असं समजलो. आणि तूही मला शिव्या का दिल्या नाहीस? दिल्या असत्यास तर मी त्याच आठवड्यात तुझ्याजवळ बसून सगळ्या ओळी पुन्हा लिहून घेतल्या असत्या. तू नुसता ‘मी आहो ना’ म्हणालास, आणि मी ते धरून बसलो.

रोज सकाळी मी त्रिशरण-पंचशील म्हणतो, तुला माहीत आहे. चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज आपोआप खाली जातो. हिला वाटतं घसा बसला. बारा वर्षं घसा बसतो का कुणाचा?

आता काल-परवाचं सांगतो. लॅबला नवं सॉफ्टवेअर हवं आहे. प्राजक्ता माझ्याकडे पीएच.डी. करते आणि तिचा विषयच हा आहे, की जुना कोड यंत्राला दिला आणि त्यानं तो नव्या भाषेत लिहून दिला, तर काय टिकतं आणि काय हरवतं. आमच्याकडे सध्या दुसरं काही चालूच नाही म्हण ना. गेल्या महिन्यात कॉलेजात चर्चासत्र झालं. एक जण म्हणाले, चूक यंत्रच शोधेल आणि यंत्रच दुरुस्त करेल. दुसरे म्हणाले, चाचण्याही तेच लिहील. एक बाई म्हणाल्या, मग त्यानं लिहिलेल्यावर भरवसा कधी ठेवायचा, हा पुढच्या संशोधनाचा खरा प्रश्न आहे. सगळे गंभीरपणे लिहून घेत होते. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तू असतास तर कानाशी येऊन म्हणाला असतास, ‘मशीन लिहीन, मशीनच तपासन, मंग मी का करू, आरती ओवाळू?’ मी ते मनातच ऐकलं. पण एकट्यानं हसायला जमलं नाही.

प्राजक्ताच्या यंत्रानं काम चांगलं केलं, हे मला मान्य करावं लागेल. सगळ्या चाचण्या पार. वर आम्ही त्याला प्रत्येक जुन्या नियमाचं कारणही लिहायला सांगितलं होतं. तेही त्यानं लिहिलं, स्वच्छ, शुद्ध, आत्मविश्वासानं. त्यात एक नियम असा: रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या सात नंबरच्या केंद्रातून गुरुवारी आलेल्या नमुन्यात साखर कमी दिसली, तर अहवाल आपोआप पाठवू नये, थांबवावा. यंत्रानं कारण दिलं, की गुरुवारी पुष्कळ लोक उपवास करतात, म्हणून साखर कमी येते.

‘सर, तुम्ही तेव्हा होता ना? हे बरोबर आहे?’ परवा प्राजक्तानं विचारलं.

मला तुझे गुरुवार आठवले. साबुदाण्याचा तो डबा, आणि तू त्यातून मला अर्ध्याहून जास्त द्यायचास ते. मी म्हणालो, ‘हो, बरोबर असेल.’ ती खूश झाली. म्हणाली, उपवासच असेल तर आकडा खरा आहे, मग अहवाल कशाला अडवायचा? पाठवू, आणि खाली एक ओळ घालू: उपवास असल्यास डॉक्टरांना सांगावे.

किती सरळ वाटलं ते. मी मान हलवली. घरी आलो, जेवलो. जेवताना मनात आलं, की उपवासच कारण असतं तर तू सगळ्याच केंद्रांना नियम लावला असतास. एकट्या सात नंबरलाच काहून?

काल सकाळी कॉलेजला न जाता लॅबमध्ये गेलो. रेखाताई अजून आहेत, या वर्षी रिटायर होतील. मी विचारलं, सात नंबर म्हणजे कुठलं केंद्र? त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

‘सर, तुमाले नाही माहीत? तुमच्याच गावचं होय ते. गुरुवारी बाजार राह्यते ना तिथं. ऑटोवाला सवाऱ्या भरल्याबिगर हालत नाही. नमुन्याचा डबा दोन-दोन घंटे उन्हात पडून राह्यते. तेवढ्या वेळात रक्तच आपली साखर खाऊन टाकते. इथं येते तं आकडा कमी.’

त्या सांगत राहिल्या.

‘एका आजीच्या घरच्यायनं तसा रिपोर्ट पाहून तिची गोळी बंद केली होती. मंग साखर अशी चढली का दवाखान्यात ठेवा लागलं. आमी म्हटलं, मशीन बिघडली. गजूभाऊ म्हणे, थांबा, मी पाह्यतो. पुढच्या गुरुवारी सवता गावाले गेले, अन् डबा मांडीवर घेऊन त्याच ऑटोत बसून आले. घामानं हे एवढे ओले. आले अन् म्हणे, ताई, मशीन बरोबर हाय, बाजार चुकला.’

गजू, हे तू मला कधी सांगितलं होतंस का? बहुतेक तीच ओळ असेल, जी मी वाचली आणि पुसली. आपल्या गावचा गुरुवारचा बाजार! गुरुवारी आपली शाळा अर्ध्या दिवसात सुटायची ती त्याच्यासाठीच. आणि मला गुरुवार म्हटल्यावर उपवास आठवला, बाजार आठवला नाही. यंत्राला आपलं गाव माहीत नव्हतं, त्यानं अंदाज केला. मला माहीत होतं. मी त्याच्या अंदाजाला हो म्हणालो.

प्राजक्ताचा बदल लॅबमध्ये जायला चार दिवस होते. तिला तिथूनच फोन केला, नियम जसाच्या तसा राहू दे म्हणालो. दुपारी ती केबिनमध्ये आली. कारण ऐकून तिनं वहीतली उपवासाची ओळ खोडली. मग म्हणाली, ‘सर, मी तर आजींना पुन्हा तोच रिपोर्ट पाठवला असता.’ पुढे तिनं विचारलं, ‘पण रेखाताई म्हणतात सरांचे मित्र सगळी कारणं कोडमध्येच लिहायचे. तुमच्या पेपरातही तसंच आहे. मग त्या नोंदी गेल्या कुठे?’

हाच तो प्रश्न. डिस्क खराब झाली, हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. बारा वर्षांची सवय. ते बोललो नाही एवढंच. खरंही बोललो नाही.

तू गेल्यापासून मी कुणाशी ‘मले’, ‘तुले’ बोललेलो नाही. घरी सगळे आहेत, कॉलेजात माणसं आहेत, सर सर म्हणतात. पण चुकल्यावर ‘काहून केलं गा असं?’ म्हणून विचारणारं कोणी उरलं नाही. ते विचारायचा हक्क तुझा होता, आणि तू असताना तो तुला बजावू न देणारा मीच. एकदा तरी विचार ना. मी लाजलो गा. दुसरं काही नाही. आपल्याच बोलण्याले लाजलो.

आज अकरा वाजता प्राजक्ता येईल. तिला मी सगळं सांगीन, बाकीच्या विद्यार्थ्यांसमोर. नोंदी गाईडनं स्वतः पुसल्या, हे तिच्या प्रबंधात माझ्या नावानिशी लिहायला लावीन. त्या पेपराच्या संपादकांनाही कळवीन. मग रिटायर व्हायच्या आधी रेखाताईंजवळ रोज बसून एकेक नियम विचारीन, आणि त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत घालीन. काही नियम असे निघतील, की त्यांचं कारण फक्त तुला ठाऊक होतं. त्यांना मी हात लावणार नाही, यंत्रालाही लावू देणार नाही. त्यांच्या डोक्यावर एवढंच लिहीन: ‘काहून: गजूले माहीत होतं. मिलिंदनं पुसलं.’

तुझा,
मिलिंद