पाणी पिणाऱ्यांचा बाक

प्रिय टाकी,

हे पत्र आधी तुझ्या सुनेच्या हाती पडलं तर ती विचारेल, टाकी कोण? तिला सांग, सासऱ्यांना हे नाव हॉस्पिटलच्या तळघरातल्या बाकावर मिळालं आणि त्यांनी ते कमावलेलं आहे. जन्मभर बस चालवलेला माणूस तू. पुढचा मोठा थांबा येईपर्यंत धरून ठेवायची तुला सवय. उपचाराआधी लघवीची पिशवी भरलेली लागते म्हणून आपण सगळे पाणी पिऊन बसायचो, तेव्हा तू निवांत पेपर वाचायचास आणि आम्ही बाकीचे मांडीवर मांडी टाकून छताकडे बघायचो. मी चष्म्याच्या काचा घासणारा. हाताखाली सारखं पाणी वाहतं आणि मोरी शेजारीच, मला कुठून सवय लागणार? ‘गळका’ हे नाव तूच ठेवलंस. साठी उलटल्यावर कुणी आपल्याला टोपणनाव ठेवतंय याचं मला किती बरं वाटलं होतं, ते तेव्हा बोललो नाही.

सुनेनं आजाराचं विचारलं तर डॉक्टरांच्या भाषेत सांगत बसू नकोस, तुझ्याच भाषेत सांग. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे हे कळल्यापासून माझं डोकं चालेनासं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं, की नेहमीची किरणं शरीरातून आरपार जातात, प्रोटॉन मात्र ठरवलेल्या खोलीपर्यंत जातात, तिथे सगळा जोर टाकतात आणि थांबतात. मी मान डोलावली, डोक्यात काही शिरलं नाही. बाकावर आलो तर तू म्हणालास, अरे सोपं आहे, साधी बस धुरळा उडवत गावातून पार निघून जाते, ही आपल्या थांब्यावर सगळी माणसं उतरवते आणि पुढे जातच नाही. आणि पाणी कशाला ढोसायचं? तर पिशवी भरली की आतडी बाजूला राहतात आणि थांबा रोज जागच्या जागी सापडतो. त्या दिवशी घरी जाऊन मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

मग तुझे उपचार संपले आणि तू मुलाकडे निघून गेलास. दुसऱ्या दिवशी मी आत गेलो. टेबलावर पाय हलू नयेत म्हणून प्रत्येकाच्या पायांचा साचा करतात ना, त्या साच्यांच्या फळीवर माझ्या शेजारी तुझा साचा नव्हता. तिथे कुणा वकिलाचे गुडघे येऊन बसले होते. वकील भला माणूस आहे, पण त्याच्याबरोबर बायको येते आणि ती दोघं आपसात बोलतात. किरणं सोडणारं मशीन एक आणि उपचाराच्या खोल्या अनेक, त्यामुळे शेजारच्या खोलीत कुणाचं लांबलं की आपण सगळे पोट आवळून खोळंबायचो आणि तू म्हणायचास, सिग्नल लागलाय. आता कुणी काही म्हणत नाही. मीच एकदा म्हणून पाहिलं. वकिलानं मोबाईलमधून मान वर काढली आणि विचारलं, काय म्हणालात? मी म्हटलं, काही नाही.

आता पुढचं वाचून मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण पूर्ण वाच. मी पाणी कमी प्यायला लागलो. मुद्दाम. टेबलावर झोपवल्यावर आधी फोटो काढून बघतात, त्यात पिशवी रिकामी दिसली की उठवतात आणि पाणी पिऊन पुन्हा बाकावर बसायला सांगतात. मला तेच हवं असायचं. घरी जाऊन करायचं काय? बहीण गेल्यापासून त्या घरात माझ्याशिवाय कुणाचं खोकणंसुद्धा ऐकू येत नाही. दुकानात गिऱ्हाइकं पुढच्या काउंटरवर, मी मागच्या खोलीत, चाकाच्या आवाजात. बाकावर निदान येणारा-जाणारा काका म्हणून हाक मारतो, कसं वाटतंय विचारतो. विचारण्याचा पगार मिळतो त्यांना, मला माहीत आहे. तरी विचारतात ना!

मशीनवरच्या त्या उंच मुलीला तू कंडक्टर म्हणायचास. तिनं मला बरोबर पकडलं. बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, काका, पाणी पीत नाही ना तुम्ही? मी म्हटलं, पितो की. ती उठेचना. मग मीच सांगून टाकलं, की मला इथे बसायचं असतं. ती चिडली असती तर परवडलं असतं. म्हणाली, उपचार झाल्यावर दिवसभर बसा, कुणी उठवणार नाही. पण पिशवी भरली नाही तर नको त्या जागेला मार बसेल, आणि तुमच्यामुळे सगळ्यांच्या वेळा पुढे जातात, हे बाकीचे किती वेळ कळ काढणार? मी समोर पाहिलं. वकील घामाघूम होऊन भिंतीला टेकला होता आणि त्याची बायको त्याला पदरानं वारा घालत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या घोटापर्यंत पाणी प्यायलो.

गेल्या आठवड्यात माझेही उपचार संपले. कंडक्टरनं हात हातात घेतला, वकील म्हणाला, सुटलात बुवा. मीही म्हटलं, हो, सुटलो. बाहेर आलो, फुटपाथवर उन्हात उभा राहिलो आणि मला रडू फुटलं, टाकी. आनंदाचं नव्हतं ते. कॅन्सर झाला तेव्हा माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, आणि सगळं नीट पार पडलं म्हणून मी भर रस्त्यात रडत होतो. अशा माणसाला काय म्हणावं, तूच सांग. सोमवारपासून दुकानात जातोय. मालक म्हणाला, तब्येत सुधारलेली दिसते.

आता रक्त तपासायला अधूनमधून तिथेच जायचं आहे. मला तारीख मिळाली, तुलाही मिळालीच असेल. रक्तातला कॅन्सरचा आकडा वाढलेला निघाला तर तो ऐकताना शेजारी कुणीतरी असावं असं वाटतं, आणि नाही वाढला तरी ते सांगायला कुणीतरी हवंच. तुला मुलाच्या गावाहून यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, सून बरोबर असेल, परतायची घाई असेल, हे सगळं कळतं मला. तरी तुझी तारीख कळव. मी माझी बदलून घेतो. कंडक्टरला विचारून ठेवलंय, ती म्हणाली, होईल. रक्त द्यायला पाणी प्यावं लागत नाही की थांबावंही लागत नाही, सुई टोचली की झालं. तरी तू जरा लवकर ये.

तुझाच,
गळका